खेकड्यांची फिर्याद

ती आठवण निघाली की आजही माझी मान खाली जाते.

आठवीत शाळा सुटलेला मी, विदर्भातून सांगली जिल्ह्यात पोलीस शिपाई म्हणून आलो. या मुलखानं भाकरी दिली, सहायक फौजदार केलं. पण कागदात काही चुकेल ही धास्ती शेवटपर्यंत गेली नाही.

त्या दिवशी इस्लामपूरजवळच्या आमच्या ठाण्यात मी ठाणे अंमलदार होतो. पूर्वेच्या दुष्काळी भागातून मेंढ्या चारायला इकडं उतरलेला एक म्हातारा मेंढपाळ आला. घोंगडीच्या टोकात मेलेले खेकडे.

"आवं सायब, खेकडं दिवसाउजेडी वड्यातनं वर येऊन मरत्यात. पानी बिघडलंय."

हवालदार हसले. "म्हातारबा, खेकड्यांची फिर्याद घिऊ व्हय? ठेवा हितं, रस्सा करतो."

"करा की. मग तुमची फिर्याद कोन घील?"

मी विचारलं, "जनावर दगावलंय का?"

"अजून न्हाई."

मग गुन्हा कोणता लिहायचा? पाण्याचा नमुना घेतला नाही, प्रदूषण मंडळाला फोनही केला नाही. स्टेशन डायरीत एक ओळ लिहिली आणि त्याला वाटेला लावलं.

त्यानं ओढा टाळून काठच्या विहिरीवर मेंढ्यांना पाणी पाजलं. विहिरीत ओढ्याचंच पाणी झिरपलेलं. चौथ्या दिवशी अकरा मेंढ्या मेल्या, बहुतेक गाभण. आता मात्र मी धावलो.

विष कुठून येतंय, हे त्यानंच शोधलं. ओढ्यातले दगड उलटत तो वर चालत गेला. खाली सगळं मेलेलं. रस्त्याखालच्या एका मोरीच्या वरच्या अंगाला मात्र दगडाखाली खेकडे जिवंत. मोरीपाशी टँकरच्या चाकांचे ठसे होते.

रसायनाच्या कारखान्याचा टँकर सापडला. चालक म्हणाला, "साधं पानी सोडलं, सायब."

टँकरच्या तोटीखाली मी बादली धरली. "मग हात धू यात."

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. मग बोलला, "मालक म्हनलं, वाहत्या पान्यात काय ऱ्हातंय?"

दोघांवर दोषारोपपत्र गेलं. पंचनाम्यात मी प्रत्येक मेंढीचा रंग, कानाची खूण लिहिली. म्हाताऱ्याला ते वाचून दाखवलं.

तो म्हणाला, "मेंढरं बाजारात मिळतील. वड्यातलं कंच्या बाजारात मिळतंय?"

नंतर कुणी मासे, बेडूक असलं काही सांगत आलं, की आधी नमुन्याची बाटली घेऊन निघायचो. पण तो म्हातारा, पुढं काय होणार ते सांगायला उन्हातून माझ्या टेबलापर्यंत चालत आला होता. मी फक्त झालेलं लिहायला बसलो होतो.