धुक्यातलं अपील

...तर बोट वर गेलं, फलंदाज मुकाट तंबूकडे चालू लागला, आणि खानेवालच्या रेल्वे मैदानावर कुणी हूं की चूं केलं नाही. गडी बाद झालाय आणि अकराच्या अकरा जण पुतळ्यासारखे उभे! तरुण यष्टिरक्षक तर चेंडू स्लिपकडे फेकून मोकळा झाला होता. धुकं असं की सीमारेषेवरच्या माणसाचा नुसता पांढुरका डाग दिसावा.

पंच अल्लाहयार लंगाहनं बोट खाली घेतलं तेव्हा त्याच्या मानेवरचे केस ताठ झालेले होते. अपील त्यानं आपल्या कानांनी ऐकलं होतं. "क्यूं जीऽ?" दोनच शब्द, दुसरा जरा लांबवलेला, दुकानदाराला भाव विचारावा तसे. ओरडणं नाही, उड्या नाहीत. असं या मुलखात एकच माणूस विचारायचा, गुलशेर. अल्लाहयारच्या गोलंदाजीवर अकरा वर्षं यष्टींमागे उकिडवा बसलेला गुलशेर. आणि त्याला जाऊन नऊ हिवाळे झाले होते.

अल्लाहयारचा गुडघा गेला, गोलंदाजी सुटली, तेव्हा याच गुलशेरनं त्याला पंचांच्या परीक्षेला ढकललं. "पळता येत नाही ना आता? मग उभं राहायचं काम घे. पगारी खांब हो!" म्हणाला. पंच म्हणून पहिलाच सामना आणि यष्टींमागे गुलशेर. चेंडूनं बॅटची कड घेतली, अल्लाहयारला स्वच्छ ऐकू आली. गुलशेरनं विचारलं, "क्यूं जीऽ?" आणि लोक म्हणतील दोस्ताला झुकतं माप दिलं, एवढ्या भीतीनं नव्या पंचानं नकाराची मान हलवली. गुलशेर नुसता हसला. दहाव्या दिवशी अशाच धुक्यात रूळ ओलांडताना मुलतानच्या गाडीखाली सापडला.

तेव्हापासून अल्लाहयारनं, म्हणजे सगळ्यांच्या लंगाह चाचानं, एकच गोष्ट धरली. विचारलं की खरं सांगायचं, विचारणारा कुणी का असेना. जिल्हाभर नाव झालं. पण विचारल्याशिवाय पंचाला बोलता येत नाही, हा या खेळाचा कायदा. समोरच्या अकरांपैकी कुणीच अपील केलं नाही, तर ढळढळीत बाद असलेल्या गड्यासमोरही त्यानं गप्प उभं राहायचं.

त्यात नेमके आजच लाहोरहून निरीक्षक जमाली साहेब आलेले. चाचाचं नाव देशाच्या पंचांच्या यादीत घालायचं की नाही, ते ठरवायला. वय असं की यंदा नाही तर कधीच नाही.

चहाच्या सुट्टीत तंबूत कुजबुज सुरू झाली.

"कड लागली होती, मी कशाला खोटं बोलू," बाद झालेला फलंदाज म्हणाला.

"पण आम्हालाच कळली नाही, तर विचारणार कोण?" गोलंदाज म्हणाला.

त्याचा कप्तान मुदस्सर चाचाला कोपऱ्यात घेऊन गेला. "चाचाजी, मी विचारलं होतं असं सांगतो. सर्दीनं आवाज बसलाय, हळू निघाला. धुक्यात कोण शहानिशा करतंय?"

"सर्दी आहे खरी. म्हशीसारखा फुरफुरतोयस."

"थट्टा सोडा हो. आयुष्यभर या यादीची वाट पाहिलीत तुम्ही!"

चाचानं दूधपत्तीचा पेला खाली ठेवला. त्यानं यष्टिरक्षकाला जवळ बोलावलं. "खरं सांग बेटा, तू काही ऐकलंस?"

"ऐकलं काही नाही, चाचा. पण त्या चेंडूला माझ्या पाठीशी कुणीतरी उकिडवं बसलंय असं वाटलं. श्वास लागत होता मानेला. वळून पाहिलं तर धुकं."

एवढ्यात जमाली साहेब वही घेऊन समोर आले.

"लंगाह, खेळणारेच म्हणतायत अपील झालं नाही. चूक झाली म्हणा, मी तसं लिहितो. एका चुकीनं कुणी यादीबाहेर जात नाही. नाहीतर विचारणाऱ्याचं नाव सांगा."

मुदस्सरनं तोंड उघडलं. चाचानं त्याची बाही घट्ट धरली, अन् म्हणाला, "गुलशेरनं विचारलं, साहेब. त्याला एकदा खोटं उत्तर दिलं होतं मी, दुसऱ्यांदा द्यायची हिंमत झाली नाही. लिहा तसंच."