सवतीचा टाक

पिंपरीत नव्या कारखान्याची वसाहत उठली, तेव्हा तिथल्या घरांचा कचरा ओढ्याकाठच्या खड्ड्यात जाळत. ती राख चाळायचं काम आम्हा बायकांकडे. लोखंड एका पाटीत, तांबं-पितळ दुसरीत. पितळ चिंचवडच्या ओताऱ्याला द्यायचं. तो ते वितळवून घंटा ओतायचा.

मला बिजवराला दिलेली. रीतीप्रमाणे त्याच्या वारलेल्या पहिलीचा टाक, तिची मूर्त ठोकलेला चांदीचा पत्रा, लग्नातच माझ्या गळ्यात बांधला. सवत गळ्यात घालून संसार करायचा म्हणजे काय, ते मला विचारा! तिची सहा वर्षांची पोर माझ्याजवळ यायची ती टाकासाठी. मांडीवर बसून तो मुठीत धरायची नि त्यालाच सांगायची, "आई, आज मी भाकरी थापली." मी आपली नुसती खुंटी. जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू?

एकदा राख पुरती निवली नव्हती. वाकून चाळताना टाक तापला नि गळ्याला चटका बसला. "मेलीस तरी छळतेस गं बये!" म्हणत मी तो काढून पितळ टाकायच्या पाटीत कडेला ठेवला. कामाच्या नादात विसरले. पाटी ओताऱ्याकडे गेली. दुपारी गळा चाचपला, तो मोकळा. धावत चिंचवड गाठलं.

"बाई, मूस कवाच ओतली," ओतारी म्हणाला. "राखेनं समदं काळंच. मी काय निवडत बसू व्हय?"

घरी पोर दारातच उभी. माझा मोकळा गळा बघून म्हणाली, "आई कुठं हाय?"

"राखेत पडली गं," मी बोलून गेले. खरं सांगायची हिंमतच झाली नाही. नवऱ्यालाही तेच सांगितलं. तो त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी चाळणी घेऊन पोर खड्ड्यावर हजर. चाळायची, फुंकर मारायची, परत चाळायची. असे आठ दिवस. बरोबरच्या बाया म्हणायच्या, "सावत्र असून बग कशी हाताखाली राबती तुज्या!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोज ठरवायची, आज सांगून टाकू. जीभ रेटायची नाही.

नवव्या दिवशी तिनं ओचाभर काळे तुकडे माझ्या पुढ्यात ओतले. हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले.

"ह्यात बघ की गं," ती म्हणाली. "मला आई वळखू येईना."

मी एकेक तुकडा पदरानं पुसून बघत बसले.