वाफ नसलेली भिंत

सोमवार, ३१ जानेवारी १९७७. घरात सहा जीव. सहाही वाचले.

अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या पूर्वेला, नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीत, याचे श्रेय एटेल्का बोद्नारला दिले जाते, आणि तिने ते कधी नाकारलेले नाही. नम्रतेचे सोंग तिला जमत नसे. "मला येतं ते येतं म्हणायला लाज कसली?" असे ती म्हणे, आणि तिचे खरेही होते.

घरगुती यंत्रांच्या एका दुकानात ती अनेक वर्षे टेलिफोनवर तक्रारी ऐकून घेण्याचे काम करत होती. दुरुस्तीला पुरुष जात. परत आले की हात धुता धुता काय बिघडले होते ते सांगत. बाईने फोनवर गायलेले रडगाणे आणि यंत्रात सापडलेला दोष यांच्या जोड्या एटेल्काच्या डोक्यात जमत गेल्या. दुकान बंद पडले तेव्हा तिने तिथलीच जुनी हत्यारे विकत घेतली आणि घरोघरी जाऊ लागली. सुरुवातीला लोक दार उघडून तिच्या पाठीमागे कारागीर शोधत. पुढे ते थांबले.

कपडे वाळवण्याचा गॅसचा ड्रायर हा तिचा खास प्रांत. त्या गावातल्या हिवाळ्यात दोरीवरचा कपडा फळीसारखा ताठ होतो, त्यामुळे प्रत्येक तळघरात ड्रायर असेच. पिंप फिरते पण ऊब नाही, तर बर्नरकडे पाहायचे. ज्योत निळी हवी. पिवळी पडली तर तिला हवा पुरत नाही. गॅसच्या सांध्याला साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडा आला की आधी तोटी बंद, बोलणे मागाहून. शेवटी भिंतीबाहेर जाणारा जाड पाइप सोडवून त्यात साचलेला कपड्यांचा बुरा लांब ब्रशने ओढून काढायचा. "यंत्राला लाज नसते," ती म्हणे, "ते सगळं सांगून टाकतं."

माणसांना लाज असते, हे मात्र तिने या हिशेबात धरले नव्हते.

त्या हिवाळ्यात थंडीने कहर केला होता. गॅसचा तुटवडा पडला, शाळा बंद झाल्या, घरे कमी तापवा असे रेडिओ दिवसभर सांगू लागला. अशा वेळी पिरोश्का कोस्तुर या म्हातारीने एटेल्काला बोलावले. वस्तीत वडीलधाऱ्या बाईला नेनी म्हणतात. पिरोश्का नेनीचा काटकसरीत हात धरणारे कोणी नव्हते. घरात मुलगा अंद्राश, सून मार्गित आणि तीन नातवंडे, धाकटे अंगावर पिणारे.

"दोनदा फिरवलं तरी चादरी ओल्याच," नेनीने गाऱ्हाणे सांगितले. एटेल्काने यंत्र पुढे ओढले, ज्योत पाहिली, पाइप साफ केला. सगळे ठीक होते. चादर चटकन वाळली. आठवड्याने पुन्हा तीच तक्रार. एटेल्का आली की पुन्हा सगळे ठीक.

"तुला पाहिलं की शहाण्यासारखं वागतं गं ते," नेनी म्हणाली. "तू गेलीस की आहे तसंच."

"मग माझा फोटो लावून ठेवा त्याच्यावर," एटेल्का म्हणाली खरी, पण मनातून ती चिडली होती. सापडत नसलेला दोष तिला अपमानासारखा बोचे. गल्लीत कुजबूज सुरू झाली होती की बोद्नारबाईंना आता तितकेसे जमत नाही. निघताना दारात मार्गित म्हणाली, "सोमवारी कपडे धुते ना, तेव्हा माझं डोकं नुसतं ठणकतं. घराबाहेर पडलं की उतरतं." ते वाक्य एटेल्काने ऐकले, पण यंत्राच्या तक्रारीत ते मोजले नाही.

त्या सोमवारी ती दुसऱ्या एका कामासाठी मागच्या गल्लीतून चालली होती. वस्तीचा धुण्याचा दिवस. एकेका घराच्या भिंतीतल्या झडपेतून पांढरी वाफ येत होती आणि झडपेखालचे बर्फ वितळून तिथे काळी ओली जमीन दिसत होती. कोस्तुरांच्या भिंतीपाशी ती थबकली. इथे वाफ नव्हती. झडपेखालचे बर्फ अस्पर्श होते, आणि तळघराची बुटकी खिडकी मात्र आतून पाण्याने निथळत होती. यंत्र चालू असल्याची घरघर ऐकू येत होती.

मग ती ऊब, ती वाफ, आणि ज्योतीचा धूर जातो कुठे?

मार्गितने दार उशिरा उघडले. चेहरा लालबुंद, डोळे जड. "बाळ दूध प्यायला उठतच नाहीये," ती अडखळत म्हणाली.

"त्याला उचल आणि शेजारी जा. कोट राहू दे. चल!"

एटेल्का तळघराच्या जिन्याशी पोचली तर पिरोश्का नेनी वाट अडवून उभी.

"आज बोलावलं नव्हतं मी तुला."

"नेनी, बाजूला व्हा."

"माझ्या घरातली ऊब मी बाहेर मांजरांना वाटू? एवढ्या थंडीत?"

"पोरं कुठं आहेत?"

"खालीच खेळतायत. उबदार आहे तिथं."

एटेल्काने तिला दोन्ही हातांनी बाजूला केले. खाली दोन्ही मुले कपड्यांच्या ढिगाला टेकून गुंगीत पडली होती. ड्रायरचा पाइप भिंतीतून काढून खोलीत वळवलेला, आणि त्याच्या तोंडावर गाळणी म्हणून बांधलेला नायलॉनचा लांब मोजा बुऱ्याने फुगून सॉसेजसारखा टणक झालेला. तिने तोटी बंद केली, खिडकीची काच फोडली, एकेका मुलाला वर ओढत नेले. मग वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेल्या अंद्राशला थोबाडीत मारून जागे केले. तो बर्फात गुडघ्यांवर बसून ओकला. बाळाला इस्पितळात प्राणवायू द्यावा लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर बोलण्यासारखे काही उरले नसते.

ही युक्ती नेनीने क्लीव्हलंडच्या बहिणीकडून उचलली होती. बहिणीचा ड्रायर विजेचा होता; त्यात ज्योत नसते, जळक्या वायूचे विष नसते. दोन्ही यंत्रे दिसायला सारखी, इतकीच काय ती चूक.

शेजारच्या स्वयंपाकघरात, कांबळे पांघरून बसलेल्या नेनीला एटेल्काने विचारले, "मी यायचे तेव्हा मोजा काढून पाइप परत भिंतीत बसवायचात ना? का?"

"तू हसली असतीस," नेनी म्हणाली.

चर्चच्या सभागृहात बायका शेवया वळायला जमतात, तिथला शरद ऋतूतला एक गुरुवार खोलीतल्या सगळ्यांना आठवत होता. ड्रायरचा पट्टा तुटला तेव्हा आपण तो एप्रनच्या नाडीने कसा बांधला, हे नेनीने त्या दिवशी मोठ्या हौसेने सांगितले होते. एटेल्का हातातले पीठ टाकून म्हणाली होती, "अगंबाई! पुढच्या वेळी त्याला परकरही नेसवा, नेनी!" सबंध टेबल खदखदून हसले होते.

ज्ञानाचा अभिमान रास्त असतो, पण तो हसू लागला की लोक आपले अज्ञान त्याच्यापासून लपवतात, आणि लपलेले अज्ञान कोणालाच दुरुस्त करता येत नाही. एटेल्काला हे कोणी समजावून सांगितले नाही. तिने त्याच आठवड्यात सारी वस्ती पालथी घातली आणि आणखी काही तळघरांतले मोजे उतरवले. तेव्हापासून कोणत्याही घरात हत्यारांची पिशवी उघडण्याआधी ती विचारत आली, "तुम्ही स्वतः काय करून पाहिलंत ते सांगा. मी हसणार नाही." आणि ती हसली नाही.

पुढच्या गुरुवारी ती सभागृहात आली तेव्हा बायका उठून उभ्या राहिल्या. तिने ते मान ताठ ठेवून स्वीकारले. पिरोश्का नेनीने बाकावर सरकून जागा केली. पुढे कित्येक गुरुवार दोघी खांद्याला खांदा लावून शेवया वळत राहिल्या, पिठाबद्दल आणि पोरांबद्दल बोलत राहिल्या. नेनी गेली तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत ती दोन थोरली नातवंडे होती, आता उंच झालेली, आणि त्यांच्याकडे पाहताना एटेल्काचा ऊर अभिमानाने भरून आला.

त्या हसण्याबद्दल तिने पिरोश्का नेनीची माफी कधी मागितली नाही. ते देणे राहिले आहे.