अकरा बोटांचे मामा

घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात माझ्या बायकोच्या मामांइतका स्वतःच्या हातावर खूश असलेला माणूस दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मामांच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत. सहावं करंगळीला खेटून आलेलं, आखूड, पण नखासकट. साकीनाक्याच्या ज्या शेडमध्ये ते पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर सुपरवायझर होते, तिथून दहा बोटांनिशी रिटायर होणंही नशिबाचं समजतात. मामा अकरा घेऊन बाहेर पडले. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही, नुसते दोन्ही हात वर केले.

या बोटापायी आम्ही बरंच सोसलंय. मामा लांबूनच डावा पंजा दाखवून पाच वडापाव सांगतात आणि सहा येतात. जास्तीचा मामाच खातात, "आता आलाच आहे तर" म्हणत. उजवा हात दाखवायला त्यांना कुणी बंदी केलेली नाही. आधारच्या केंद्रात सहाव्या बोटाचाही ठसा घ्या म्हणून ते हटून बसले. फॉर्ममध्ये त्याला जागाच नाही असं तिथल्या बाईने सांगितल्यावर "मग तुमचा फॉर्म चुकलाय" म्हणाले, आणि मागची रांग अर्धा तास खोळंबली. नात्यात कुठे बाळ झालं की मामा सगळ्यांत आधी हजर. मुलगा की मुलगी ते नंतर, आधी दुपट्यातून हात काढून बोटं मोजायची. माझ्या मुलाची मोजून झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाचच आहेत. असू दे, हुशार निघेल."

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं, की आईच्या पोटात बाळाचा हात घडत असताना बोटं किती आणि कुठे फुटायची यावर एक जनुक देखरेख करतं. त्यात फरक पडला की असं जास्तीचं बोट येऊ शकतं, आणि तो फरक पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो. त्या जनुकाचं नाव जीएलआय थ्री. मामांनी नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि चिठ्ठी लॅमिनेट करून पाकिटात ठेवली. तेव्हापासून ते त्याच्याबद्दल आपल्या खात्यातल्या माणसासारखं बोलतात. "ड्रॉइंगमध्ये पाचच होती रे. पण साहेब दिलदार, एक पीस जास्त काढला." लेकीची बोटं दहाच निघाली होती, त्यामुळे मामांची सगळी भिस्त नातवंडावर होती.

चार वर्षांपूर्वी लेकीला मुलगी झाली. डाव्या हाताला सहा बोटं. मामांनी तीनदा मोजली आणि हॉस्पिटलच्या अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. काही महिन्यांनी सर्जन म्हणाले, छोटंसं ऑपरेशन करून काढता येईल, ठेवलं तरी त्रास नाही. लेक बिचारी पेचात पडली. आयुष्यभर वारसाची वाट बघणाऱ्या बापाला ती काय सांगणार? शेवटी आमच्या देखतच तिने विचारलं. मामांची समजूत घालायला मी दोन-तीन वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

मामा नातीचं ते इवलंसं बोट चोळत बसले. मग म्हणाले, "काढ गो. शाळेत पोरं हसायची. मग त्यांच्या आधी मीच हसायला शिकलो. जमलं मला, पण रोज करावं लागतं ते. हिच्यामागे नको ते काम."

माझी जुळवलेली वाक्यं फुकट गेली. इतकी वर्षं मी या माणसाबरोबर हसत आलो, आणि हे मला एकदाही सुचलं नव्हतं. फार लाज वाटली.

ऑपरेशन झालं. आता खूणही शोधावी लागते. नात नुकतीच मोजायला शिकली आहे. परवा आम्ही मुलुंडला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मामांच्या मांडीवर बसून तिने आपली बोटं मोजली, दहा. मग आजोबांची मोजली. पुन्हा आपली मोजली आणि तिचा चेहरा पडला.

"आजोबा, माझं अकरावं कुठंय?"

स्वयंपाकघरात लेकीचा हात थांबला. मामांनी डावा हात नातीपुढे धरला. "माझ्याकडे ठेवलंय गो. तुला लागेल तेव्हा घे."

तिने ते बोट लगेच मुठीत धरलं आणि निघाली. मामा एका बाजूला वाकून तिच्यामागे घरभर फिरत राहिले.