त्याचं ‘आदी’

आखातात, रुवीतल्या टायपिंगच्या दुकानात व्हिसाचे अरबी फॉर्म भरून देणारा इजिप्तचा माणूस प्रत्येक गोष्टीला एकच शब्द लावायचा: आदी. म्हणजे नेहमीचंच, चालायचंच. सुरुवातीला मला ते मराठीतलं ‘आधी’ वाटायचं आणि मी मनात म्हणायचो, कशाच्या आधी?

खरं तर आधी तो असा नव्हता. खाडखाड टाइप करता करता टीव्हीवरच्या त्याच्या देशाच्या मंत्र्यांना मनसोक्त शिव्या द्यायचा. मग तिकडे लष्कराने निवडून आलेलं सरकार पाडलं आणि बातम्या लागल्या की तो मुकाट्याने फुटबॉल लावू लागला. चौकात नुसत्या उभ्या असलेल्या भावाला उचलून नेलं, हेही त्याने कागदावरची नजर न काढता सांगितलं. मी “अरेरे” म्हणालो. तो म्हणाला, “आदी.” त्यानंतर मी घरचं काही विचारणंच सोडून दिलं.

पुढच्या वर्षी मी सुट्टीत गावी मतदान करून आलो. फॉर्म पुढे करताना त्याला माझ्या बोटावरची शाई दिसली. त्याने टायपिंग थांबवलं, माझं बोट धरलं आणि कितीतरी वेळ नखाकडे बघत राहिला.

“जो जिंकला, तोच खुर्चीवर बसला?”

मला प्रश्नच कळेना. “मग? दुसरं कोण बसणार? आदी.”

“नाही, हबीबी,” तो म्हणाला. बोट त्याने अजून सोडलं नव्हतं. “हे आदी नाही.”