झुंबरबाईंच्या बिल्ल्यावरचा शब्द

लोणावळ्याच्या त्या रिसॉर्टमध्ये एक खोटी चूल आहे. बाहेरून मातीने लिंपलेली, आत गॅसची शेगडी. तिच्यावरची तांदळाची भाकरी मात्र अस्सल, कारण ती थापतात झुंबरबाई. परातीत मळून ठेवलेली उकड, पाण्याचा हात, आणि बघता बघता भाकरी तव्याएवढी होते. काठाला चीर म्हणून नाही. मुंबईचे पाहुणे ताट विसरून मोबाइल काढतात.

या चुलीच्या काउंटरवर यायच्या आधी बाईंनी वर्षानुवर्षं इथल्याच आतल्या मोरीवर भांडी घासली होती. तिथे खरकटी ताटं दिसत, खाणारा कधी दिसत नसे. त्यात बाईंचे मालक, गेणूभाऊ, वारले. लेक उर्से गावात सासरी. एकटीसाठी परात काढायची इच्छाच होईना. रात्री दूधभात कालवून निजायच्या. अशात हे काउंटर मिळालं आणि समोर जेवणाऱ्याचं तोंड दिसू लागलं. कुणी पहिला घास मोडून मान डोलावली, की बाईंच्या हाताला आपसूक वेग यायचा. पगार होता तेवढाच राहिला, पण कामावर निघताना पाय उचलायला लागला.

मग नवे मॅनेजर आले, प्रितम सर. पोरगा हुशार, मनाचाही चांगला, फक्त डोक्यात सारखं काहीतरी नवीन. त्यांनी सगळ्यांना बिल्ले दिले. वर नाव, नावाखाली स्वभाव सांगणारा एक इंग्रजी शब्द. पाहुण्यांना प्रसन्न वाटावं म्हणून सगळे शब्द आनंदाचेच. झुंबरबाईंचं अंग भरलेलं, गाल वर आलेले. सरांनी बघितलं आणि लिहून टाकलं, ‘जॉली’.

बाईंनी बिल्ला घेतला आणि कनवटीला खोचला.

शनिवारी सरांच्या ते लक्षात आलं. “मावशी, बिल्ला कुठंय?”

“हाय की जवळ.”

“मग लावा ना!”

“लावीन. आदी काय लिवलंय त्ये कळू द्या.”

“अहो, एक शब्द तर आहे. कोण एवढं बघतंय?”

“कोन बघत न्हाई, तर लावायचा कशाला?”

मागे ताटं पुसणारा ओंकार फिसकन हसला. सर वरमले, पण हटले नाहीत. “काउंटरवर बिल्ला लागतोच, वरून तसा नियम आहे. नसेल जमत तर सोमवारपासून आत जावं लागेल, मावशी. माझा इलाज नाही.”

आत म्हणजे मोरीवर. बाईंचा हात परातीतच थांबला.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या रिसेप्शनवरच्या ज्योत्स्नाकडे गेल्या. ज्योत्स्ना वराळ्याची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तिने बिल्ला वाचला. “जॉली म्हणजे, मावशी, जो आला की मांडवात हशा पिकतो. स्वतः हसणार, शेजारच्याला कोपर मारून हसवणार.”

“म्हंजी आमच्या जावंचा भाऊ. पंगतीत वाढाया लागला, की लोकं ठसका लागून मरत्यात. मी कुटं तशी?”

“ओंकारला दिलंय बबली. सोड्याची बाटली उघडली की कसं फसफसतं, तसा.”

“त्येला बराबर दिलंय. दुसरं काय हाय?”

“मेरी आहे. नाताळाच्या पाटीवर असतं ते. चार जण जमले, गाणीबिणी झाली, त्या वेळेची मजा. पण माणसं घरी गेली की ती संपली.” ज्योत्स्नाने थोडा विचार केला. “तुम्ही चिअरफुल घ्या. ऊन असो, पाऊस असो, माणूस आपला प्रसन्न. त्याला कारण लागत नाही.”

बाईंनी हा शब्द जरा वेळ तोंडात घोळवला. “लय चांगला हाय. पन माजा न्हाई, बाय. सकाळी च्या पोटात जाईस्तोवर मालकसुदिक माज्या वाऱ्याला उबं ऱ्हायचे न्हाईत. आन आता तर घरात बसल्यावर कशाचं परसन्न? बिनकारनाचं मला न्हाई जमत.”

“मग कशानं बरं वाटतं तुम्हाला?”

“मानूस जेवाया आलं की.”

ज्योत्स्नाने बिल्ल्यावरच्या शब्दावर बोट फिरवलं. मग म्हणाली, “त्याला ग्लॅड म्हणतात. पण तो स्वभाव नाही, मावशी. काहीतरी चांगलं घडलं, कुणी आलं, तर त्यापुरतं वाटतं. नाही घडलं तर नाही.”

“ह्योच. ह्यो खरा बोलतोय.”

बाईंनी जाऊन हे सांगितलं, तेव्हा प्रितम सरांनी कपाळाला हात लावला. “ग्लॅड? नुसतं ग्लॅड कसं लिहिणार? लोक विचारतील, कशाबद्दल!”

“इचारू द्या की. सांगंन मी. सर, तुमी म्हनाल त्ये काम करते. पन छातीवर खोटं लावून भाकरी न्हाई थापायची मी.” आवाज चढला नव्हता. हात मात्र पदराशी घट्ट धरलेले होते.

सरांनी त्या हातांकडे बघितलं. “उद्याचा रविवार बघू,” एवढंच म्हणाले.

ज्योत्स्नाने जुन्या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवून नवा लिहून दिला. रविवारी खरंच लोकांनी विचारलं. नगरचे एक आजोबा चष्मा वर करून म्हणाले, “ग्लॅड? ते कशाबद्दल हो बाई?”

“तुमी जेवताय त्येच्याबद्दल.” बाईंनी फुगलेली भाकरी त्यांच्या ताटात सोडली. आजोबांनी आणखी एक मागून घेतली.

सोमवारी पावसाने घाट बंद. दोन वाजले तरी एक पाहुणा नाही. प्रितम सर फेरीला आले आणि थबकले. “मावशी, बिल्ला उलटा लागलाय, शब्द आत गेलाय.”

“उलटाच लावलाय, सर. अजून कुनी आलं न्हाई.”

सर हसले नाहीत. एरवी ते वर आपल्या टेबलाशी डबा खायचे. आज त्यांनी चळतीतलं एक ताट उचललं आणि चुलीसमोर येऊन उभे राहिले.

“तवा तापलाय का?”

झुंबरबाईंनी आधी हात पुसले, बिल्ला सुलटा केला, आणि उकडीचा गोळा तोडला.