बनसोडे सर आणि तळ्यातलं विमान

बनसोडे सर कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी दाराची कडी हलवून बघायचे. डोळे मिटून. दोनदा वर, दोनदा खाली. मग निकाल द्यायचे, "प्ले हाय." प्ले म्हणजे ढिलेपणा, दोन जोडलेल्या वस्तूंमध्ये उरलेली फालतू जागा. एस.टी.त चढले की सीटची दांडी, बँकेत काउंटरची खिडकी, लग्नात मांडवाचा खांब. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या खुर्चीचा हात हलवला, तोही मी खुर्चीत बसलेली असताना, आणि म्हणाले, "जयभीम ताई. ही खुर्ची दोन महिन्यांत मोडती बघा."

ती सहा आठवड्यांत मोडली. मी तारीख लिहून ठेवली होती.

मी तेव्हा लातूरच्या एका प्रशिक्षण संस्थेत भांडारपाल होते आणि सर फिटर शाखेचे निदेशक. याद्या करणं हे माझं कामही होतं आणि स्वभावही. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. पाट्या नव्या, कचेऱ्या भाड्याच्या जागेत आणि नळाला पाणी आठ दिवसांनी. आमच्या गल्लीतल्या टँकरच्या पाळ्यांची यादी माझ्याकडेच होती. अशा दिवसांत एक माणूस विमान बांधतो आहे, हे कळल्यावर मला पहिल्यांदा रागच आला.

सर मुरुडच्या पलीकडच्या एका खेड्यातले. पंधरा वर्षं हवाई दलात होते, पण जमिनीवर. हँगरमध्ये विमानाच्या तारा जोडायच्या, ताणायच्या, तपासायच्या, सही करायची आणि ते विमान दुसऱ्या कुणीतरी उडवायचं. बिनइंजिनाचं ग्लायडर उडवायला तेवढं ते सुट्टीत शिकले होते. "पंधरा वर्षं दुसऱ्याचं विमान नीट करून राहिलो," ते म्हणायचे. "एकदा तरी आपण जोडलेली तार वर जाऊन कशी बोलती, ते आपल्या हातानं ऐकायचंय. बस. मग मोडून जळण केलं तरी चालंल."

विमान एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये होतं. एका माणसाचं, लाकडी सांगाड्याचं, कापड चढवलेलं, जुन्या मोटारीचं इंजिन बसवलेलं. शेड इतकी तोकडी की विमानाचं नाक भिंतीला टेकलेलं आणि शेपूट दाराबाहेर. मी बघायला म्हणून गेले आणि पहिल्याच संध्याकाळी हातात वही घेऊन बसले, कारण कुठला खिळा कुठल्या डब्यात आहे हे त्या शेडमध्ये कुणालाच सांगता येत नव्हतं.

सगळा जीव होता तो चालवण्याच्या यंत्रणेत. बैठकीत दोन गुडघ्यांच्या मधोमध एक स्टिक. पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या फळ्या, त्यांना सर 'कान' म्हणायचे. स्टिक डावीकडे नेली की डाव्या पंखाचा कान वर उठतो, उजव्याचा खाली जातो आणि विमान डावीकडे कलतं. उजवीकडे नेली की बरोबर उलट. मध्ये पोलादी तारा, कप्प्या आणि तार ताणायचे पेचाचे जोड. एवढंच. लिहायला चार ओळी लागतात. करायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

कारण तारा ताणलेल्या राहतच नव्हत्या. दुष्काळाच्या कोरड्या हवेत लाकूड दिवसेंदिवस आक्रसत होतं आणि उन्हानं तार लांबत होती. सकाळी नीट केलेली तार दुपारी लोंबायची. सर बैठकीत बसायचे, डोळे मिटायचे, स्टिक हळू फिरवायचे आणि म्हणायचे, "न्हाई. पुन्हा." मी यादीवरच्या तपासणीच्या सगळ्या खुणा खोडायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायचं. असं अकरा वेळा झालं. अकराव्या वेळी मी वही आपटली.

"सर, एवढं चालेल की!"

"चालंल," ते म्हणाले. "चालायलाच चालंल, ताई. उडायला न्हाई."

माझी यादी एकेचाळीस कलमांची होती. सर तिची थट्टा करायचे, पण पाळायचे. त्यांचा भरवसा मात्र हातावर. मी एकदा सुचवलं की कानांच्या तारांचे जोड बैठकीमागे शेजारी शेजारी आहेत, दिसायला जुळे आहेत, तर एकाला लाल आणि एकाला हिरवा रंग लावू. भांडारात दोन्ही डबे पडून होते. सरांनी ऐकलं नाही. "रंग लावला का हात आळशी होतो. एका वेळी एकच जोड सोडायचा, म्हणजे चुकायचा सवालच न्हाई. पोरांना काय शिकवतो मी?" खरंच, वर्गातल्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात ते वाक्य कायम लिहिलेलं असायचं: एका वेळी एकच टोक सोडा. मी रंगाचे डबे परत फडताळात ठेवले. आजही मला त्या फडताळाचा राग येतो.

परवानगीची पत्रं माझ्याकडे होती. सात पत्रं लिहिली. एका कचेरीतून उत्तर यायचं, हा विषय आमच्याकडचा नाही. दुसऱ्या कचेरीतून उत्तर यायचं, पहिल्या कचेरीकडे विचारा. अखेर एक कागद आला: विमान जमिनीवर चालवून पाहण्यास आणि चाचणीपुरतं पुरुषभर उंचीपर्यंत उचलण्यास हरकत नाही. सरांनी तो तीनदा वाचला. "कुणाच्या उंचीचा पुरुष, ते लिवलं न्हाई," ते म्हणाले. "आपण लांबडा धरू."

आणि धावपट्टी? ती दुष्काळानंच दिली. औसा रस्त्यावरचा तलाव दोन वर्षं कोरडा होता. तळ भाकरीसारखा तडकलेला, पण टणक आणि सपाट. विमान बैलगाडीच्या मागे बांधून तिकडे नेलं. अडचण एकच. शेजारच्या वस्तीतल्या बायकांनी तळ्यात जागोजाग खड्डे खणून झिरे काढले होते. रात्रभर पाझरून सकाळी दोन घागरी पाणी मिळायचं. त्यांची पुढारी गंगाबाई. कंबरेवर हात ठेवून ती विमानाकडे बघत होती.

"मास्तर, तुमचं ह्ये इमान पाणी पितंय का?"

"न्हाई मावशी. पेट्रोल पितंय."

"मग राहू द्या हितं. पर आमच्या झिऱ्याला चाक लागलं तर कान उपटीन. तुमचंबी अन् ह्याचंबी!"

सरांनी एकही झिरा बुजवला नाही. आमची पट्टी झिरे टाळत टाळत गेली, थोडी वाकडी. मी चुन्यानं कडा आखल्या आणि यादीत कलम वाढवलं: झिऱ्यांच्या मातीचे ढीग, डावीकडे तीन, उजवीकडे दोन. गंगाबाईनं ढीग सपाट करायची तयारी दाखवली होती, पण त्या मातीचा बांध तिनं झिऱ्यात धूळ जाऊ नये म्हणूनच घातला होता. सर म्हणाले, राहू दे.

पंधरा दिवस विमान नुसतं जमिनीवर पळवलं. मग एका सकाळी मी पोचले तेव्हा सर बैठकीत डोळे मिटून बसले होते. स्टिक फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली.

"ताई, जड झाली."

"काय?"

"स्टिक. तारा आवळल्यात. लाकूड फुगून राहिलंय." त्यांनी डोळे उघडून आकाशाकडे बघितलं. आकाशात काही नव्हतं. "हवेत ओल आलीय. पाऊस येतोय. दोन दिवस. लई तर तीन."

रेडिओनं सांगितलं नव्हतं, पंचांगात नव्हतं. सरांच्या तळहाताला कळलं होतं. गंगाबाई ऐकत होती. तिनं हात जोडले. सरांनीही जोडले आणि मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पाणी आलं पाहिजे, ताई. पण मग तळं भरलं का माझं काय? दुसरी जागा कुठंय?" मी पुष्कळ याद्या केल्या आहेत. पण ज्याची वाट सगळा जिल्हा बघतो आहे त्याचीच भीती वाटणाऱ्या माणसाला काय सांगायचं, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

उडायचं तर आजच. तारा जरा ढिल्या करायच्या होत्या. सरांनी घाईत बैठकीमागचे दोन्ही जोड एकदमच सोडले. मी बघितलं. बोलले नाही, कारण ते सर होते. ढिले करून, बसवून, पेच फिरू नयेत म्हणून बारीक तारेनं कुलूपबंद केले. मग तपासणी.

शेडमध्ये मी ती नेहमी शेपटीमागे उभी राहून करत असे; समोर भिंतच होती. त्या दिवशी वारा सुटला होता. विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं आणि मागे उभं राहिलं तर धूळ सरळ डोळ्यांत. म्हणून मी पुढे जाऊन उभी राहिले, वाऱ्याकडे पाठ करून. वही नीट धरता येत होती. मला स्वतःच्या सोयीचं कौतुकच वाटलं.

"कलम सतरा!" मी ओरडले. "स्टिक डावीकडे!"

सरांनी डोळे मिटून स्टिक डावीकडे नेली. माझ्या डाव्या हाताकडचा कान वर उठला.

"डावा वर. बरोबर! मोकळं आहे का, सर?"

"लोण्यावानी!"

मी खूण केली. समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं डावं विमानाचं उजवं असतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझी नजर कागदावरच्या शब्दावर होती आणि शब्द जुळत होता. आणि सरांचे डोळे मिटलेले होते. हाताला मोकळं-जड कळतं. हाताला उलट-सुलट कळत नाही.

इंजिन सुरू झालं. विमान पळालं, शेपूट उचललं आणि चाकांखाली उजेड दिसला. गंगाबाई ओरडली, "उडालं गं!" हातभर, मग दीड हात. किती वेळ? मी मोजलं नाही. त्या दिवशी मी न मोजलेली ती एकच गोष्ट. मग वाऱ्याच्या एका झोतानं डावा पंख जरासा खाली गेला. सरांनी शिकल्याप्रमाणे स्टिक उजवीकडे नेली. पंख आणखी खाली गेला. त्यांनी आणखी उजवीकडे नेली. पंखाचं टोक झिऱ्याच्या मातीच्या ढिगात घुसलं, विमान गरकन फिरलं आणि आडवं झालं.

मी पोचण्याआधी बायका पोचल्या. सर शुद्धीवर होते. उजवं मनगट भलत्याच कोनात वाकलेलं. गंगाबाईनं पदर फाडून हात बांधला. सर तशाच अवस्थेत मोडक्या पंखाकडे बघत होते आणि डाव्या हातानं स्टिक हलवत होते. या वेळी डोळे उघडे होते.

"उलटं," ते म्हणाले. "ताई, तारा उलट्या हायत."

पाऊस तिसऱ्या दिवशी आला. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तो सगळ्यांनाच हवा होता. विमान त्याआधी बैल लावून बाहेर काढलं. पंखाचं लाकूड जळणात गेलं, इंजिन कुणीतरी नेलं. सरांचं मनगट जुळलं, पण पूर्वीसारखं वळलं नाही. नंतर ते कड्या डाव्या हातानं हलवायचे आणि त्यांचे निकाल चुकू लागले.

चूक माझी होती हे सांगायचा मी पहिला प्रयत्न दवाखान्यात केला. ते म्हणाले, "दोन्ही जोड कुणी सोडले? गप बसा." दुसरा केला तो त्यांच्या बदलीच्या वेळी. त्यांना नांदेड मिळालं होतं. त्यांनी विषय बदलला आणि भांडाराच्या कुलपाला नावं ठेवली. मला या माणसाचा संताप यायचा. अकरा वेळा तारा पुन्हा ताणायला लावणारा माणूस मला माझी एक चूक नीट मांडूही देत नव्हता.

तिसरा प्रयत्न केला तेव्हा मी कामासाठी नांदेडला गेले होते. सर निवृत्त झालेले, थकलेले, तरी मला बसपर्यंत सोडायला आले. मी स्टँडवर उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: वारा, धूळ, मी कुठे उभी होते, कलम सतरा. म्हटलं, आता माझ्या प्रत्येक यादीत एक जादा रकाना असतो, 'कुठून पाहिलं'. ऑफिसात सगळे हसतात.

सर येणाऱ्या बसकडे बघायला लागले. मला वाटलं, पुन्हा टाळणार.

"हाव," ते म्हणाले. "तुमची चूक व्हती. मला माहीत होतं. तुम्ही पुढं उभ्या व्हत्या, आवाज पुढून आला. मी डोळे उघडायला पाहिजे होते." मग म्हणाले, "दोघांची व्हती म्हणून तर घडलं, ताई. एकाची असती तर दुसऱ्यानं धरली असती."

हे समाधान होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही. मला माफी हवी होती किंवा शिवी. त्यांनी तपासणीचा निकाल दिला.

कंडक्टरनं घंटी मारली. मी चढले. सरांनी खालून बसच्या दाराची दांडी धरली, उजव्या हातानं, त्या न वळणाऱ्या मनगटानं, आणि डोळे मिटून दोनदा हलवली.

"प्ले हाय," ते म्हणाले. "पण लातूरपर्यंत जाईल."

बस लातूरपर्यंत गेली. तीन महिन्यांनी सर गेल्याचं पत्र आलं.